शिल्पकला मोबाइलवर शिकता येते का? माध्यमागणिक काय बघावं आणि काय टाळावं

जिंतूरच्या एका मुलीचा प्रश्न आहे. बारावी झाली, चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा झाल्या, आता शिल्पकलेकडे वळायचंय. जवळपास शिकवणारं कुणी नाही. माती, दगड, लाकूड, धातू, फायबर अशा सगळ्या माध्यमांसाठी ऑनलाइन काय काय आहे त्याची यादी द्या, म्हणते. लॅपटॉप नाही, मोबाइल आहे आणि रोजचा दीड जीबी डेटा.

पोरी, माझ्या लेकीच्या वयाची आहेस म्हणून एकेरीच बोलतो. यादी देणं सोपं आहे. पन्नास नावं दहा मिनिटांत लिहून होतील आणि तू ती जपून ठेवशील, उघडणार मात्र नाहीस. मी तीस वर्षं मूर्ती घडवतोय आणि गेली दहा-बारा वर्षं इंटरनेटवरून शिकून आलेली मुलं माझ्या शेडमध्ये येतात. त्यांची अडचण जवळजवळ सारखीच असते. व्हिडिओ शंभर बघितलेले असतात, पण त्या व्हिडिओतली माती अमेरिकेतली, लाकूड तिकडचं, मेण तिकडचं आणि हवाही तिकडचीच. इथे मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत हात लावला की काहीच तसं होत नाही. म्हणून आधी आपल्या गावात काय मिळतं ते बघ, त्यातलं एक माध्यम धर आणि मग त्या माध्यमापुरतं इंटरनेट वापर. उलट केलंस तर डेटाही जाईल आणि वर्षही.

सुरुवात मातीनेच कर. जिंतूरच्या आजूबाजूला पाय टाकावा तिथे काळी माती आहे, पण ती कामाची नाही. कापसाची ही जमीन पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते; उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या तू बघितल्याच असतील. तिच्यातलं खनिजच तसं आहे. मी नववीत असताना याच मातीचं गणपतीचं डोकं केलं होतं. तिसऱ्या दिवशी सोंडेपासून कपाळापर्यंत उभी चीर गेली. आमच्या गल्लीतले कुंभारकाका बघून हसले आणि म्हणाले, "पोरा, माती ऐकायली का बघ आधी, मग देव कर."

माती ऐकते का, ते दोन मिनिटांत कळतं. करंगळीएवढी वळी कर आणि ती बोटाभोवती गुंडाळ. वळी तुटली तर माती भुसभुशीत आहे, बारीक चिरा आल्या तर थोडी मळायची राहिली, गुळगुळीत बसली तर चांगली. दुसरी परीक्षा काचेच्या बरणीत करायची: एक वाटी माती, वर पाणी, जोरात हलव आणि रात्रभर ठेव. सकाळी खाली वाळू, मध्ये गाळ आणि वर चिकणमाती असे थर दिसतात. वरचा थर जाड असेल ती माती घे. तळ्याच्या पोटातला गाळ बहुतेक वेळा चालतो. तुमच्याकडचे कुंभार कुठून माती आणतात ते विचार, सोबत राख किंवा घोड्याची लीद का मिसळतात तेही विचार. हे तुला कुठल्याही व्हिडिओत नीट सापडणार नाही, कारण तिकडच्या लोकांना माती पिशवीत तयार मिळते.

शाडू गणपतीच्या दिवसांत तालुक्याला मिळते. तेव्हाच वर्षभराची घेऊन ठेव. शाडू भाजायची नसते, पण हाताला गोड आहे आणि शिकण्यासाठी तीच बरी. काम झालं की मोडून परत भिजव.

आता मातीसाठी ऑनलाइन काय बघायचं. पहिलं म्हणजे आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागाचं डी'सोर्स. तिथे देशभरातल्या कारागिरांची कामं पायरी-पायरीने, फोटोंसह नोंदवलेली आहेत. कुंभारकाम, बिदरी, दगडकाम, ओतकाम सगळं मिळेल. फोटो असल्यामुळे डेटा कमी लागतो आणि फोटोवर थांबता येतं. व्हिडिओत हात इतके भराभर चालतात की अंगठा कुठे दाबला तेच कळत नाही.

दुसरं म्हणजे यूट्यूबवर कोलकात्याच्या कुमारटुलीची, म्हणजे तिथल्या मूर्तिकारांच्या वस्तीतली, कामं बघ. भाषा बंगाली आहे, समजली नाही तरी बिघडत नाही. बांबू आणि पेंढा सुतळीने बांधून आधी माणसाचा आकार करतात, त्यावर मातीचे थर चढवतात. पेंढ्याच्या गाठींतच छाती, कंबर, मांडी कशी ठरते ते बघ. माझ्या मते सांगाडा शिकायला याहून चांगली शाळा नाही. आपल्याकडे भाताचा पेंढा नाही, गव्हाचं काड चालतं. कडबाही चालेल, पण यंदा भाव बघता तो जनावरांच्याच तोंडी जाऊ दे.

तिसरं जरा जुनं आहे. एदुआर लँतेरी नावाचे शिक्षक लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. रोदँसारखा शिल्पकार त्यांना मानत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची मॉडेलिंगची, म्हणजे मातीत घडवण्याची, पुस्तकं निघाली. स्वामित्वहक्क संपल्यामुळे ती इंटरनेट आर्काइव्हवर मोफत आहेत. इंग्रजी जुनाट आहे, पण आकृत्या बघ. डोकं घडवताना मापं कुठून घ्यायची आणि कोणत्या क्रमाने घ्यायची, हे तिथे आहे तितकं साफ मी दुसरीकडे पाहिलं नाही. पीडीएफ एकदा उतरवून ठेवली की पुन्हा डेटा लागत नाही.

शरीररचनेसाठी प्रोको नावाचं चॅनल आहे. ते मुळात चित्र काढणाऱ्यांसाठी आहे, पण खांद्याचं हाड, बरगड्या, ओटीपोट यांचे साधे आकार तो माणूस फार छान समजावतो. त्याचे मोफत व्हिडिओ पुरेसे आहेत. एक व्हिडिओ बघितला की तो भाग मातीत तीनदा कर. न करता दुसरा व्हिडिओ उघडायचा नाही, ही माझ्या शेडमधली अट आहे.

सांगाड्याबद्दल एक गोष्ट मात्र माझ्याकडूनच ऐक. माझं पहिलं तीन फुटी काम एका रात्रीत मांडीपासून खाली घसरलं होतं. सळई मजबूत होती, पण सळईला माती धरायला काहीच नव्हतं. लाकडाच्या दोन छोट्या काटक्या फुलीसारख्या बांधून तारेने सांगाड्याला लटकवायच्या, जागोजागी. आर्ट स्कूलमध्ये याला बटरफ्लाय म्हणतात. मातीचं वजन त्या फुल्या धरतात. बहुतेक व्हिडिओत सांगाडा आधीच तयार करून टेबलावर ठेवलेला असतो आणि आपण नाकडोळेच बघत बसतो. आणि उन्हाळ्यात काम ओल्या सुती कापडात गुंडाळून वरून प्लास्टिकची पिशवी बांध. नुसतं कापड इथे दुपारपर्यंत कोरडं होतं.

मातीवरून साचा आणि साच्यातून प्लास्टर, ही पुढची पायरी. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम साधारण दीडशे अंशाला भाजून केलेली पूड. पाणी मिळालं की ती परत दगड होते आणि होताना तापते. व्हिडिओत नेमकं हे तापणं दिसत नाही. २००७ साली इंग्लंडमधल्या एका शाळेत एका मुलीने हाताचा ठसा घ्यायचा म्हणून प्लास्टरच्या बादलीत हात घातला आणि तिची बोटं इतकी भाजली की कापून काढावी लागली. इंटरनेटवर हाताचे ठसे घेणारे शेकडो व्हिडिओ आहेत. त्यात वापरतात ते बहुतेक वेळा अल्जिनेट असतं, दातांच्या डॉक्टरकडे मापाला वापरतात ते. बघणाऱ्याला दोन्ही पांढरीच पूड दिसते. प्लास्टरमध्ये हात कधीच, कुणाचाच, अडकवून ठेवायचा नाही.

बाकी साच्याचं काम बघून शिकता येतं. पूड पाण्यात भुरभुरायची, पाणी पुडीत ओतायचं नाही, आणि पाण्यावर छोटी बेटं दिसायला लागली की थांबायचं. पहिल्या साच्याला वेस्ट मोल्ड म्हणतात, म्हणजे आत ओतलेलं काम बाहेर काढताना साचा फोडून टाकायचा. त्याचा पहिला पातळ थर कपड्याच्या निळीने रंगवायचा. छिन्नीने फोडत गेलं की निळा रंग दिसल्यावर कळतं, आता मूर्ती जवळ आली. यूट्यूबवर बहुतेक सगळे सिलिकॉनचा साचा दाखवतात. सिलिकॉन महाग आहे आणि शिकाऊ माणसाला त्याची गरजही नाही. प्लास्टरच्या तुकड्यांचा साचा करायला शीक. कुठला भाग कुठून सुटेल याचा विचार करता करता आकारच समजतो.

फायबरबद्दल थोडं कडक बोलतो. फायबरग्लास आणि पॉलिएस्टर रेझिन मोबाइलवर बघून घरी करू नकोस. गणपती मंडळांमुळे आपल्याकडे हे काम सगळीकडे दिसतं म्हणून सोपं वाटतं. रेझिनमध्ये दोन गोष्टी घालतात, कोबाल्ट आणि हार्डनर. या दोन्ही कधीच थेट एकमेकींत मिसळायच्या नाहीत; भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचा, मग हार्डनर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. वास येतो तो स्टायरीनचा. साध्या कापडी मास्कने तो अडत नाही, वाफेसाठीचा काडतुसाचा मास्क लागतो. माझ्याकडे काम शिकायला आलेल्या एका मुलाने दोन्ही बाटल्या एकाच डब्यात ओतल्या होत्या, व्हिडिओत तसंच दिसलं म्हणे. डबा अंगणात फेकला म्हणून वाचलो. व्हिडिओ करणाऱ्याने बहुधा मधला भाग कापला असेल. हे काम शिकायचं तर करणाऱ्याच्या शेजारी उभं राहून शिक.

आता दगड. इथे मला जास्त लिहावंसं वाटतं, कारण दगडाच्या बाबतीत मराठवाड्यातल्या मुलांना जगातल्या कुठल्याही वेबसाइटपेक्षा मोठी गोष्ट घराजवळ मिळालेली आहे.

गेटी म्युझियमचा एक छोटा व्हिडिओ आहे, पारंपरिक हत्यारांनी संगमरवर कसा कोरतात त्याचा. तो बघ, फार देखणा आहे. टोकदार छिन्नी, मग दात्यांची, मग सपाट, मग कानस, हा क्रम डोळ्यांत भरतो. पण तो बघून आपल्या काळ्या दगडाला हात लावायला गेलीस तर छिन्नीच बोथट होईल. संगमरवर कठीणपणाच्या मापावर ३ च्या आसपास आहे, बेसॉल्ट ६ च्या. संगमरवर सोलता येतो, बेसॉल्ट ठेचून ठेचून काढावा लागतो. क्रम तोच, हाताची चाल वेगळी. ती चाल बघायची असेल तर पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारा पाथरवट शोध. आठवडी बाजारात अजून येतात काही ठिकाणी. एक तास त्याच्याजवळ बस, टाकी कोणत्या कोनात धरतो, हातोडा किती वर नेतो, किती वेळाने टाकीचं टोक पाजळतो ते बघ. परवानगी असेल तर मोबाइलवर शूट कर. तुझ्यासाठी तोच सगळ्यात मोलाचा व्हिडिओ ठरेल.

आणि वेरूळला जा. गेली असशील शाळेच्या सहलीत, ते धरत नाही. मंगळवारी बंद असतं. सोळा नंबरचं कैलास लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळातलं, वरून खाली कोरत आणलेलं. मातीत आपण भर घालत जातो. दगडात काढत जायचं असतं आणि काढलेलं परत लागत नाही. ही गोष्ट डोक्यात उतरायला कैलासच्या मागच्या कड्यावर चढून खाली बघावं. कुठलंही थ्रीडी मॉडेल ते दाखवू शकत नाही. दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतो तो पट आहे. त्याच्या पाठीचे आणि दंडांचे आकार वहीत उतरव, नाकडोळे नकोत, फक्त वजन कुठे आहे ते.

अजिंठ्याला गेलीस (सोमवारी बंद) तर सगळे चित्रं बघायला पळतात, तू चोवीस नंबरच्या लेण्यात जा. ते अर्धवट राहिलेलं विहार आहे. खांब कसे आधी ठोकळ्यासारखे सोडले, कुठून खोदत गेले, सगळं तसंच थांबलेलं आहे. पूर्ण झालेलं काम आपली पायरी लपवतं, अर्धवट काम दाखवतं. मी माझ्या प्रत्येक मुलाला तिथे एकदा नेतो.

तुझ्या तालुक्यात चारठाणा आहे. जुनी मंदिरं, बारवा, मानस्तंभ. औंढा नागनाथही लांब नाही, दर्शन झालं की बाहेरच्या भिंतीला एक फेरी मार. रांगेतले लोक वर बघतच नाहीत.

कोरण्याचा सराव कशावर करायचा? थेट काळ्या दगडावर नको. बांधकामाच्या दुकानात हलक्या पांढऱ्या एएसी विटा मिळतात. फुटलेल्या फुकटसुद्धा देतात. जुन्या कानशीने, स्क्रू-ड्रायव्हरने, मोडक्या चाकूने कोरता येतात. पण त्यात सिलिका आहे, धूळ फुफ्फुसात बसते ती निघत नाही. दगडफोडीत काम करणाऱ्यांना सिलिकोसिस होतो तो असाच. वीट ओली करून कोर, एन-९५ मास्क लाव आणि घरात नको, अंगणात बस. धूळ झाडूने झाडू नकोस, ओल्या फडक्याने पूस.

लाकडाचं थोडक्यात सांगतो. इंग्रजी व्हिडिओत बासवूड म्हणतात ते मऊ लाकूड. इथे शोधत बसू नकोस. शिवण मिळाली तर उत्तम, नाहीतर कडुनिंब. बाभूळ पहिल्या वर्षी नको, हात सोलून निघतील. सुताराकडे पटाशी पाजळायला शीक. धार लावण्याचे व्हिडिओ मात्र यूट्यूबवर खरोखर चांगले आहेत आणि ते कुठल्याही देशातले चालतात, कारण लोखंड सगळीकडे सारखंच. रेषेच्या दिशेने कोरायचं, उलटं गेलं की खपली निघते. बाकी हातच शिकवेल.

धातू. घरी ओतकाम करायचं नाही, एवढं आधी लिहून ठेव. ओलसर साच्यात वितळलेला धातू पडला की वाफ होऊन उसळतो. पण मेणाचं काम घरी करता येतं आणि धातूच्या शिल्पाचं निम्मं शिक्षण मेणातच आहे. मधमाशीचं मेण आणि राळ एकत्र वितळवून घे. त्याच्या पट्ट्या, वळ्या करून छोटी माणसं, बैल कर. मेणावर माती चढवायची, भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत धातू ओततात. ही पद्धत शिल्पकार मीरा मुखर्जी यांनी बस्तरच्या कारागिरांकडून शिकून घेतली. जर्मनीत शिकून आलेली बाई, पण खरं काम सापडलं ते बस्तरमध्ये. डी'सोर्सवर ढोकरा (हीच मेणाची पद्धत) आणि बिदरी दोन्हीच्या नोंदी वाच. बिदर तर उदगीरच्या पलीकडेच आहे. जस्तात थोडं तांबं मिसळून ओततात, चांदीची तार बसवतात आणि शेवटी किल्ल्यातली माती व नवसागर लावून काळं करतात. चांदी पांढरी राहते, बाकीचं काळं पडतं. एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे, कारागीर बसू देतात.

ओतकाम बघायचंच असेल तर भांडी, घंटा करणारे ओतारी शोध. त्यांचं काम शिल्प नसतं म्हणून मुलं नाक मुरडतात. मूस, भाता, धातूचा रंग बघून उष्णता ओळखणं हे सगळं तिथेच आहे.

आता अशा माध्यमांबद्दल, ज्यांचं नाव तू प्रश्नात घेतलंच नाहीस. शिल्पकार रामकिंकर बैज यांनी १९३८ साली शांतिनिकेतनात संथाळ कुटुंबाचं मोठं शिल्प केलं, ते ब्राँझचं नाही आणि संगमरवराचंही नाही. सिमेंट आणि तिथल्याच लाल मुरमाचे खडे. पैसे नव्हते हे एक, आणि ते खडे त्या जमिनीचेच होते हे दुसरं. आपल्याकडे नानासाहेब करमरकरांनीही सिमेंटमध्ये काम केलं, अलिबागजवळ सासवण्याला त्यांच्या घराचं संग्रहालय आहे. मुरूम जिंतूरला पोत्याने मिळतो. मृणालिनी मुखर्जी यांनी तर ताग गाठी मारून मारून माणसापेक्षा उंच शिल्पं उभी केली. त्यांचे फोटो बघ आणि मग घरातल्या माळ्यावर पडलेला अंबाडीचा वाख आठव. आजोबा दोर वळायचे त्याचा. त्यातून काय उभं राहील ते मला माहीत नाही, पण बघायला आवडेल.

वाखावरून आठवलं. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले सापडले, २०१६ मध्ये त्यावर संशोधन छापून आलं. गिलावा तडकू नये म्हणून काहीतरी तंतू घालायचा, हे शहाणपण तेव्हाही होतं. तुझ्या मातीत बारीक कापलेला वाख किंवा भिजवून कुस्करलेला वर्तमानपत्राचा कागद घालून बघ. चिरा कमी येतात.

या सगळ्यांबद्दल वाचायला बंगळुरूच्या एमएपी अकॅडमीचा कलाकोश चांगला आहे. मोफत आहे, नोंदी छोट्या आणि नीट तपासलेल्या आहेत. मराठीत वाचायचं तर मराठी विश्वकोश आहे, शिल्पकलेची नोंद वाच. भाषा जड आहे पण मराठी शब्द तिथेच मिळतील आणि मुलाखतीत उपयोगी पडतील. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची भारतीय कलेची पाठ्यपुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत.

आता जिथे इंटरनेटला खरोखर तोड नाही ते सांगतो. शिल्प सगळ्या बाजूंनी बघायचं असतं आणि पुस्तकातला फोटो एकच बाजू दाखवतो. मी शिकत होतो तेव्हा ग्रीक शिल्पाची पाठ कशी असते ते मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. आज स्केचफॅबवर ब्रिटिश म्युझियमसारख्या संग्रहालयांनी मूर्तींची थ्रीडी मॉडेलं ठेवलीत. मायमिनीफॅक्टरीवर स्कॅन द वर्ल्ड म्हणून संग्रह आहे, तिथे जगभरातल्या शिल्पांचे स्कॅन मोफत मिळतात. अमेरिकेच्या स्मिथसोनियनने २०२० मध्ये अठ्ठावीस लाख प्रतिमा आणि मॉडेलं सगळ्यांसाठी खुली केली. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ मध्येच लाखो फोटो मोकळे केले होते. आपल्याकडे म्युझियम्स ऑफ इंडिया आणि इंडियन कल्चर ही सरकारी पोर्टलं आहेत. फोटो कधी चांगले, कधी यथातथा, पण भारतीय मूर्तींसाठी तिथे जावंच लागतं.

हे वापरायचं कसं? मॉडेल नुसतं बोटाने गरागरा फिरवून काही होत नाही. एक शिल्प निवड. थोडं फिरव, थांब, बाहेरची रेषा वहीत काढ. पुन्हा थोडं फिरव. एका फेरीत आठ रेखाकृती झाल्या पाहिजेत. मग मोबाइल बंद करून त्या आठ रेखाकृतींवरून वीतभर माती घडव. चूक कुठे झाली ते मॉडेल परत उघडून बघ. एका शिल्पाला आठवडा लागला तरी चालेल. डेटा फारसा लागत नाही, मॉडेल एकदा उघडलं की तेच फिरवत राहायचं.

मोबाइलच्या पडद्यावर माती घडवायची असेल तर स्कल्प्टजीएल ब्राउझरमध्येच चालतं, फुकट आहे. ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअरही फुकट, पण त्याला संगणक हवा. पुढे कधी नोकरीला हे उपयोगी पडेल. गेम, सिनेमा, दागिन्यांच्या कंपन्या असे लोक घेतात. पण आधी हाताने मातीत वर्ष काढलेली मुलं पडद्यावर भराभर शिकतात, हे मी बघितलंय. उलट जाणाऱ्यांना वजनच कळत नाही. पडद्यावर एका पायावरचा पुतळा पडत नाही ना.

पैसे भरून करायच्या कोर्सबद्दल विचारलं नाहीस, पण विचारशील. मी एकदा एका ऑनलाइन कोर्सला साडेचार हजार भरले, आत बघतो तर यूट्यूबवरचेच व्हिडिओ क्रम बदलून लावलेले. नाव घेत नाही, तेव्हापासून मीच सावध झालो. पैसे भरण्याआधी त्या शिक्षकाचे मोफत व्हिडिओ बघ. तो कामाची पाठ दाखवतो का? बिघडलेलं काम दाखवतो का? हात चालताना बोलतो, की संगीत लावून भराभर पळवतो? संगीत लावलेल्या व्हिडिओतून मी आजवर काहीच शिकलो नाही. पहिलं वर्ष तरी एक रुपया देऊ नकोस. ते पैसे शाडू, तार आणि एका चांगल्या मास्कला लाव.

पुढे बीएफए, म्हणजे कलेची पदवी, करायची असेल तर राज्याची एमएएच-एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल, तिची तारीख सीईटी सेलच्या साइटवर बघत राहा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकवतात. काम दाखवायची वेळ येते तेव्हा बहुतेक मुलं समोरून काढलेला एकच फोटो आणतात. तू प्रत्येक कामाचे चार बाजूंनी फोटो काढ, सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात, मागे साधी भिंत. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात आकार मरतो. आणि सांगाड्याचाही फोटो ठेव, माती चढवण्याआधीचा.

पोळा तोंडावर आलाय. घरी मातीचे बैल करायचे असतीलच. यंदा विकतचे आणू नका, तू कर. एक बैल उभा कर, वीतभर उंच. वशिंड, मानेची पोळी, मागच्या पायाची ढोपरं उलटी वळतात ती, सगळं खऱ्या बैलाजवळ उभं राहून बघून कर. चारही बाजूंचे फोटो आणि वळी बोटाला गुंडाळलेली कशी बसली त्याचा एक फोटो इथेच टाक. पायात तार घाल, नाहीतर पूजेला ठेवायच्या आधीच बसेल.